अठरा मिनिटांचं पाणी

आमच्या हडपसरच्या सोसायटीचे अध्यक्ष निवृत्त बँक मॅनेजर. शेजारच्या सोसायटीने आगीसाठी नवा पंप बसवला हे कळल्यापासून त्यांना चैन पडेना. आपला त्याहून मोठा हवा! इमारतींना आगीचे पंप ठरवून देणं हा माझा धंदाच. म्हणून मला सल्ला विचारला, आणि फुकटचा म्हणून उडवूनही लावला.

"अहो, पंप पाणी तयार करत नाही," मी म्हटलं. "आपली आगीची टाकी पन्नास हजार लिटरची. आपल्याकडे पाणी येतं टँकरने, तेही त्याच्या मर्जीनं. तुमचा पंप ती टाकी अठरा मिनिटांत रिकामी करील. नियमात बसणारा लहान घ्या, अर्धा तास पुरेल."

"मॅडम, आगीत कसली कंजुषी करायची?"

समितीने माना डोलावल्या. असा संताप आला मला! पण नुसत्या आकडेमोडीनं पुण्यात कोणी वाद जिंकल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

माझे वडील माझ्याकडेच राहतात, अकराव्या मजल्यावर. दोन्ही गुडघे कामातून गेलेले, आणि आग लागली की लिफ्ट बंद. मला काळजी होती ती त्यांची. मग मी त्यांनाच कटात घेतलं. अट एकच, सोंग करायचं नाही.

"सोंग करायला गुडघे शिल्लक आहेत कुठे?" बाबा म्हणाले.

रविवारी सकाळी अध्यक्षांना वर बोलावलं. "बाबांना जिन्यानं खाली न्यायचंय, तुम्ही जरा सोबत चला." मोबाइलवर अठरा मिनिटांचा गजर लावला. कशाचा, ते सांगितलं नाही.

बाबा दोन पायऱ्या उतरायचे, दम खायचे आणि तेवढ्यात टोमणाही मारून घ्यायचे. सातव्या मजल्यावर जिन्यात चपलांचा भला मोठा रॅक. "हे दुकान कोणाचं?" त्यांनी विचारलं.

"माझं," अध्यक्ष पुटपुटले. त्यांचा फ्लॅट तिथलाच.

चौथ्या मजल्यावर गजर वाजला. "काय झालं?" अध्यक्ष दचकले.

"तुमच्या पंपाचं पाणी संपलं."

"मग अध्यक्ष, आता इथेच जळायचं, की जरा पुढे जाऊन?" बाबा म्हणाले.

मी खदखदून हसले. तेवढ्यात बाबांनी कठडा दोन्ही हातांनी धरलेला दिसला. माझं हसू तिथल्या तिथे विरलं.

खाली पोचायला एकूण सत्तावीस मिनिटं लागली. लहान पंप अजून चालू असता. आता अध्यक्षांना चार शब्द सुनवावेत म्हणून मी पदर खोचणार, तोच ते शेवटच्या पायरीवर मटकन बसले.

"पण मॅडम, टाकी भरलेली असते कुठे? टँकर आला नाही की मी ती आणि वापराची टाकी यांच्यामधला व्हॉल्व्ह उघडतो. लोकांच्या आंघोळी अडतात हो. उन्हाळाभर ती अर्धीच असते."

टँकर न येताही नळाला पाणी आलं की सोसायटीचा अख्खा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप अध्यक्षांना हात जोडायचा. मीही जोडले होते. म्हणे पंपांची जाणकार! पाणी आलं कुठून, एवढं एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही. लाज वाटली हो.

"अर्धी टाकी म्हणजे नऊ मिनिटं," बाबांनी हिशेब केला. "तेव्हा मी यांच्या चपला बघत होतो."

त्या दुपारीच अध्यक्षांनी जिन्यातला रॅक घरात घेतला.

पंप लहानच आला. दोन टाक्यांमधला पाइप माझ्या सांगण्यावरून अध्यक्षांनी स्वतः उभं राहून कापून घेतला. पुढच्याच आठवड्यात टँकर आला नाही. नळ कोरडे. ग्रुपवर सगळे माझ्या नावानं बोटं मोडत होते, आणि मी स्वयंपाकघरात रडकुंडीला येऊन उभी. आंघोळीआधी उभ्या आयुष्यात चहाचा घोट न घेतलेले बाबा कालच्याच बनियनवर खुर्चीत येऊन बसले.

"प्यायचं पाणी आहे ना?" त्यांनी विचारलं. "मग चहा टाक. पारोशानं कोणी मरत नाही गं."