पायाची नाडी

डॉक्टरांनी नानांच्या उजव्या घोट्याजवळ बोटे ठेवली, सरकवली, पुन्हा ठेवली. नाडी लागली नाही. नाना, माझे वडील, उभा जन्म गंगेकाठी रामघाटावर वैद्यकी केलेले. "मला पाहू द्या," म्हणाले. त्यांनाही लागली नाही. अंगठा तोवर काळा पडला होता.

रक्तदाब दोनशेच्या वर होता. विडी नाही, मधुमेह नाही. तळहातांवरचे कडक, खडबडीत ठिपके पाहून डॉक्टरांनी विचारले, "पंडितजी, संखिया से काम पड़ता है?"

संखिया म्हणजे सोमल, आर्सेनिक. दम्याच्या पुड्यांसाठी नाना तो घरीच शुद्ध करत. खलाची धूळ, भट्टीचा धूर रोजचाच. शिवाय नवे औषध आधी स्वतःच्या जिभेवर ठेवायचे, मगच रोग्याला द्यायचे, हा त्यांचा नेम.

केस-नखांचा अहवाल बाहेरगावाहून यायचा होता. मी एसटीडी बूथवरून तिथल्या प्रयोगशाळेला रोज फोन करी. "सुमे, तुझ्या वर्तमानपत्रातली घाई इथे चालत नाही," नाना म्हणत.

अहवालात आर्सेनिक निघाले. डॉक्टर 'एंडोथेलियम' म्हणाले. म्हणजे रक्तवाहिनीचे आतले अस्तर. आर्सेनिकने ते बिघडते. वाहिनी हवी तेव्हा सैल होत नाही, अरुंद होत जाते. दाब वाढतो. पायाच्या टोकापर्यंत रक्त पोचत नाही.

नानांनी पायाबद्दल काही विचारले नाही.

"दाब वाढला की लकवा होतो?"

"होऊ शकतो."

"आमची ही लकव्यानेच गेली. तिच्या दम्यावर माझीच पुडी होती."

"इतक्या वर्षांनी ते सांगता येणार नाही."

"म्हणजे नाही, असं तुम्ही म्हणत नाही."

पाय गुडघ्याखाली कापला. नाना वाचले, त्याबद्दल त्या वॉर्डाचे आम्ही ऋणी आहोत. उरलेला सोमल मी गंगेत सोडायला निघाले, तेव्हा ते ओरडले, "वेड लागलंय? खाली लोक आचमन करतात!" शेवटी रसायनशास्त्राच्या एका प्राध्यापकांनी तो नेला.

पाय सतत गार पडत असेल तर थांबू नका. डॉक्टरांना घरच्या पुड्याही दाखवा. आईच्या वेळी आम्ही दाखवल्या नाहीत. घरचे औषध कोण दाखवतो?

नाना घरी आल्यावर मुन्शी घाटाजवळची एक जुनी दमेकरी बाई पुडी मागायला आली. त्यांनी तिला हॉस्पिटलमध्ये जायला सांगितले. ती चिडली. माझ्या आईला ती माताजी म्हणे.

"हमको टाल रहे हैं, पंडितजी? माताजी को तो बरसों यही खिलाए!"

"हाँ," नाना म्हणाले. "इसीलिए तुमको नहीं दूँगा."