गेम सुरू व्हायच्या आधीचं चित्र

बायको गेली तेव्हापासून आमच्या घरातला टीव्ही बंद होता. बंद ठेवा असं कोणी म्हटलं नव्हतं. संध्याकाळी बैल बांधायचे, सकाळची भाकर खायची आणि खाटेवर बसून फडकं टाकलेल्या त्या टीव्हीकडे पाहत राहायचं. शेतात दिवस निघून जातो. संध्याकाळ जात नाही. हे मी कोणापाशी बोललो नाही, पण दिवाळीनंतर पोरगी राहायला आली आणि तिनं ते पाहिलं.

पोरगी पुसदला कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. तिनं पिशवीतून साबणाच्या वडीएवढी एक डबी काढली, तिची तार टीव्हीला लावली आणि माझ्या हातात बटणांचा रिमोट दिला. गेम खेळायच्या त्या वस्तूला आमच्या घरात पहिल्यापासून रिमोटच म्हणतात.

"बाबा, आईचे सगळे गेम याच्यात हायेत."

"कॅसेट कुठं लावतं मंग?"

"कॅसेट लागत नाई. हे डबी जुन्या मशीनचं सोंग घेते. गेमले वाटते आपण जुन्याच मशीनवर चालून राह्यलो."

"म्हणजे फसवते त्याले."

"फसवते. पण कोणाचं काई जात नाई त्यात."

ते जुनं मशीन आम्ही पोरगी लहान असताना पुसदच्या बाजारातून तिच्यासाठी आणलं होतं. ती अभ्यासाला लागली आणि मशीन तिच्या आईनं धरलं. गल्लीतल्या बाया हसायच्या. माझी बायको शाळेत गेली नव्हती, सही तेवढी करायची. पण कापूस वेचणारा हात होता तिचा. वेचताना हात या बोंडावर असतो आणि नजर पुढच्या बोंडावर. गेमही ती तशीच खेळायची. रिमोटकडे कधी खाली पाहिलं नाही. मी मात्र प्रत्येक बटण पाहून दाबायचो, आणि वर पाहीपर्यंत मेलेलो असायचो.

दोघांनी मिळून खेळायचा आमचा एकच गेम होता. बंदुका घेतलेली दोन माणसं जंगलातून धावतात. पहिला रिमोट तिचा, दुसरा माझा. त्या मशीनच्या दुसऱ्या रिमोटला गेम सुरू करायचं बटणच नसतं. त्यामुळे इतक्या वर्षांत मी एकदाही गेम सुरू केला नाही. ती सुरू करायची, मी सामील व्हायचो. बाजाराच्या रस्त्यानं ती जुन्या रीतीनं माझ्या मागून चालायची. गेममध्ये ती पुढं आणि मी मागं. मागचा माणूस अडकला की पुढच्यालाही जाता येत नाही.

"अवो, या ना लवकर," ती म्हणायची. "तुमच्यापायी मी कवापासून उभी हाय इथं."

म्हणून पोरीनं रिमोट हातात दिला तेव्हा मला एकच पाहिजे होतं. ती पुसदला परत जायच्या आत मला गेम आपल्या हातानं सुरू करता आला पाहिजे. नाहीतर ही डबीही त्या टीव्हीसारखीच फडकं टाकून पडली असती.

पोरीनं गेम निवडला. गेम आला नाही. आधी टीव्हीच्या काचेवर भलंमोठं चित्र आलं, माझ्या हातातल्या रिमोटचं. हुबेहूब. प्रत्येक बटणापासून एक रेघ निघालेली आणि रेघेच्या टोकाला ते बटण काय करतं ते लिहिलेलं. मी हातातला रिमोट पाहिला, काचेवरचा पाहिला. काही सुरू व्हायच्या आधी सगळं असं उघडं करून समोर मांडलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. बायको गेली त्या आठवड्यात जिरं कोणत्या डब्यात आणि मोहरी कोणत्या, हे मला ठाऊक नव्हतं. डबे उघडून वास घेत बसलो होतो. आणि इथं गेम मला म्हणतो, थांब, पहिले हे पाहून घे.

"हे कोणं काढलं?" मी विचारलं.

"असतात लोक. हरेक जुना गेम लावून पाहतात, कोणतं बटण काय करते ते लिहून ठेवतात. फुकट."

"कायले?"

"दुसऱ्याले सोपं जावं म्हणून. आपल्या गेमचं इंग्रजीत होतं, ते म्या मराठीत केलं."

मी वाचायला लागलो. चौथी शिकलेला माणूस मी, अक्षर जोडून वाचतो. पहिल्या रेघेवर होतो तोच चित्र गेलं आणि गेम सुरू झाला.

"गेलं कुठं?"

"तेवढाच वेळ राह्यते ते."

"मंग लोकायले कसं वाचता येते?"

ती हसली. डबीला आपला लॅपटॉप जोडून काहीतरी केलं. आता बटण दाबेपर्यंत चित्र जाणार नाही म्हणाली. मी पुन्हा वाचायला बसलो. मला वाचताना बोट ठेवायची सवय. 'उडी' वाचलं की उडीच्या बटणावर बोट ठेवलं, दाबून पाहिलं. चित्र गेलं.

"बाबा, दाबता कायले?"

"लिवलं हाय तिथं उडी. म्हणून उडी दाबली."

"अजून गेम कुठं सुरू झाला?"

मग तिनं असं केलं की बाकी कोणतंही बटण दाबा, चित्र हलणार नाही. फक्त 'सुरू' दाबलं तरच जाईल. तेव्हा मी निवांत वाचलं. तिनं पुस्तकातली मराठी लिहिली होती. 'गोळीबार करणे.'

"आपल्या घरात गोळीबार कोण म्हणत होतं?" मी म्हटलं. "तुही माय 'हाण' म्हणे. 'खाली झुकणे' नाई, 'वाक' म्हणे."

तिनं तसं लिहिलं. उडी, हाण, वाक. मग तिनं विचारलं, "आणि तुमचे जीव सरले का तुम्ही आईचा एक घेत होते, ते कोणत्या बटणानं?"

होतं तसं. त्या गेममध्ये एकाचे जीव संपले की बटण दाबून दुसऱ्याचा एक जीव घेता येतो. माझे नेहमी आधी संपायचे. ती काचेवरून नजर न काढता म्हणायची, "घेतला का? घ्या. पण आता मांगं नका राहू."

"उडीच्याच बटणानं," मी सांगितलं.

पोरीनं त्या रेघेवर 'उडी'च्या खाली 'जीव घ्या' असं लिहिलं. आम्ही दोघं बराच वेळ ते पाहत बसलो. मला राहून राहून वाटत होतं, बायकोला हे कोणी दाखवलं होतं? तेव्हा असं चित्र नव्हतं आणि असतं तरी तिला ते वाचता आलं नसतं. एकेक बटण दाबून, मरून, पुन्हा सुरू करून तिनं ते हातात बसवलं. आणि मला कधी म्हटलं नाही की मी शिकले. मला वाटायचं तिला येतंच.

पोरगी दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं गेली. संध्याकाळी बैल बांधून मी टीव्हीवरचं फडकं काढलं, डबी लावली, गेम निवडला. चित्र आलं. मी सगळ्या रेघा बोट ठेवून वाचल्या. चित्र कुठं गेलं नाही. वाचून झालं तरी जरा वेळ बसून राहिलो. मग 'सुरू' दाबलं.

पोरीला फोन लावला.

"झाला का सुरू?"

"झाला."

"कुठवर गेले?"

"मेलो."

"लगेच?"

"लगेच. पण सुरू म्याच केला."

पलीकडून ती म्हणाली, "तर पुन्हा लावा ना."

फोन खाटेवर ठेवला आणि पुन्हा लावला. चित्र पुन्हा आलं, सगळ्या रेघा घेऊन, जणू मला याआधी काही सांगितलंच नव्हतं.