पडीक चिखल

तीस वर्षं मी भाषांतरं करते आहे. प्रेशर कुकरची माहितीपुस्तिका, रक्तदाबाच्या गोळ्यांच्या खोक्यातला बारीक अक्षरांचा कागद, कीटकनाशकाच्या डब्यावरच्या सूचना. महाराष्ट्राने माझं जे साहित्य न वाचता टाकून दिलं, ते साधारण असं आहे. त्यामुळे हिंजवडीतल्या एका कंपनीने कोकणातल्या एका खाडीच्या व्यवस्थापनाचा आराखडा मराठीत करायला पाठवला, तेव्हा मला त्यात वावगं काही वाटलं नाही. खाडी मी पाहिली होती. एसटीच्या खिडकीतून, पुलावरून, मिनिटभर. आराखडा करणाऱ्या इंजिनिअरने तेवढीही पाहिली नव्हती. तो यवतमाळकडचा.

"सॅटेलाइटचे फोटो आहेत न मॅडम," तो फोनवर म्हणाला. "त्याच्यात सगळं दिसते."

आराखडा गावकऱ्यांपुढे त्यांच्या भाषेत मांडल्याशिवाय मंजूर होत नाही, असा नियम आहे म्हणे. म्हणजे ज्यांच्या दारात खाडी, त्यांना ती शनिवार पेठेतून समजावून सांगायची. पुण्यात याला कोणी नवल म्हणणार नाही. आम्ही सगळ्यांना सगळंच समजावून सांगत असतो.

मजकूर वाईट नव्हता. एके काळी गलबतं पार आतल्या बाजारपेठेपर्यंत जात, मग डोंगर बोडके झाले, पावसाबरोबर माती उतरली, पात्र गाळाने भरलं आणि बंदर बसलं. नदीचं गोडं पाणी आणि समुद्राचं खारं पाणी जिथे मिसळतं, तिथे माशांची पिल्लं वाढतात. हे सगळं मी दोन दिवसांत मराठीत आणलं. अडले ते त्या अर्धवट खाऱ्या पाण्याच्या शब्दावर. कोशात होता 'ईषत्क्षारयुक्त'. हा शब्द ऐकवला असता तर गावकरी सभेतून उठून गेले असते, आणि मीही त्यांच्यामागोमाग.

शेवटी मी मासळीबाजारात गेले. आमच्या घरात सात पिढ्यांत त्या दिशेला कोणी गेलेलं नाही. नाकाला पदर लावून एका गाळ्यासमोर उभी राहिले. गाळेवाली माझ्याच वयाची होती. लग्न होऊन पुण्यात आलेली, माहेर रत्नागिरीकडच्या खाडीकाठचं.

"अहो ताई, अर्धवट खारं पाणी असतं ना, त्याला काय म्हणतात?"

"मचूळ. काय देऊ?"

"काही नको. मी खात नाही."

तिने मला पदरापासून चपलेपर्यंत पाहिलं. "म्हणजे नाक झाकून शब्द न्यायला आलात?"

मी पदर खाली घेतला. दुसरा काही मार्ग नव्हता.

पुढचे आठ-दहा दिवस मी दुपारी, गिऱ्हाईक कमी असताना तिच्याकडे कागद घेऊन बसायचे. अमावस्या-पुनवेच्या मोठ्या भरतीला उधाण म्हणतात आणि अष्टमीच्या सुस्त भरतीला भांग, हे मला तिथे कळलं. मग एक दिवस खाडीच्या तोंडाजवळच्या पट्ट्याचं वर्णन वाचून दाखवलं. 'जवळजवळ सपाट, पडीक चिखल. भराव घालून पर्यटकांच्या वाहनतळासाठी योग्य.'

तिचा कोयता हवेतच थांबला.

"पडीक कोणी लिहिलं?"

"मूळ इंग्रजीतच आहे. मी फक्त…"

"माझ्या आईने असल्याच पडीकावर चार पोरं वाढवली. ओहोटी लागली की बायका तिथे उकिडव्या बसून शिंपल्या काढतात, तिसऱ्या. पाणी वर चढलं की तिथेच बोय मासळी चरायला येते. तिथे गाड्या लावणार? आणि बोय कुठे लावणार?"

मी त्याच दुपारी इंजिनिअरला फोन केला.

"तो फोटो किती वाजताचा आहे?"

"सकाळी साडेदहाचा, मॅडम."

"भरतीचा की ओहोटीचा?"

की-बोर्डची टकटक ऐकू आली. "ते तर फाइलमध्ये नाही लिहिलं," तो म्हणाला. आणि मग जरा घुश्शात, "मॅडम, तुम्ही भाषांतर करा न."

"तेच करतेय. चूक शुद्ध मराठीत आणायला वेळ लागतो."

सभेला मी पदरखर्चाने गेले. आदल्या दिवशी गाळेवालीला चल म्हटलं, तर म्हणाली, "आणि धंदा तुमचा आराखडा बघणार?" पण तिने बोटांवर तिथी मोजली. "उद्या अष्टमी. बाराच्या सुमारास सुकती असेल, पाणी उतरलेलं. सभा चारला ना? आधी त्या पोराला चिखलात घाला."

बारा वाजता पाणी खरंच उतरलेलं होतं. पाच-सहा बायका वाकून काम करत होत्या. इंजिनिअरने बूट काढून हातात घेतले, पँट दुमडली आणि मोबाइलवर नकाशा धरून आत शिरला. मी काठावरच थांबले. मार्गदर्शन काठावरून जास्त चांगलं होतं.

एका म्हातारीने त्याला विचारलं, "काय शोधतोस रे बाबा?"

"पडीक जमीन, आजी," तो प्रामाणिकपणे म्हणाला.

ती हसली नाही. तिने त्याच्या हातातले बूट काढून घेतले, टोपली दिली आणि पायाच्या बोटांनी चिखल कसा चाचपायचा ते दाखवलं. तासाभरात त्याने ओंजळभर तिसऱ्या काढल्या आणि त्या प्रत्येकीला दाखवत सुटला. मग पाणी फिरलं. बायका आवरून काठाला आल्या, हा मात्र मोबाइलकडे बघत तिथेच उभा. पाणी पोटऱ्यांना लागलं, मग गुडघ्याला.

"अहो, या आता बाहेर!" मी ओरडले.

"मॅडम," तिथूनच तो म्हणाला, "मी पार्किंगमध्ये उभा आहे."

सभा शाळेच्या हॉलमध्ये झाली. माझं भाषांतर वाचायला त्यालाच उभं केलं होतं. त्या वाक्यापाशी तो थांबला आणि म्हणाला, "हे पडीक नाही. मी न पाहता लिहिलं. माझी चूक आहे." त्याच्या साहेबांनी चष्मा पुसायला घेतला. सरकारी माणसाने ते लिहून घेतलं. मागून कोणीतरी टाळी वाजवली, पण एकच. मला त्या मुलाचा अभिमान वाटला. पुण्यात इतकी वर्षं राहून 'माझी चूक आहे' हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकत होते.

आराखडा बदलला. वाहनतळ डोंगराच्या बाजूला सरकला. तिथेही कोणाचं तरी काहीतरी असेलच. इंजिनिअरची बदली महामार्गाच्या कामावर झाली, भरती-ओहोटी नसलेल्या ठिकाणी. सुधारित मराठी मजकूर कंपनीने यंत्राकडून परत इंग्रजीत करून घेतला. मराठीत मी लिहिलं होतं, या चिखलात स्त्रिया तिसऱ्या गोळा करतात. इंग्रजीत छापून आलं की या चिखलात स्त्रिया तिसऱ्या क्रमांकाच्या स्त्रियांना गोळा करतात. मी तक्रार केली. पुढच्या आवृत्तीत बघू म्हणाले.

मी ते पान घेऊन बाजारात गेले आणि गाळेवालीला अर्थ सांगितला. मला वाटलं, ती पोट धरून हसेल.

"पण पडीक काढलं ना?" तिने विचारलं.

"काढलं."

"मग राहू दे," ती म्हणाली, आणि माझ्या मागच्या गिऱ्हाइकाला विचारलं, "बोला, काय देऊ?"