चारुशीलाबाईंची साक्ष

इंदोरा मोहल्ल्यात आमच्या दारासमोरच चारुशीला गजभिये यांची बालवाडी भरायची. वर टिनाचं छप्पर, खाली सारवलेली जमीन आणि रस्त्यापर्यंत ऐकू येणारा बाईंचा खणखणीत आवाज. नवरा गेल्यावर त्यांनी ही बालवाडी काढली आणि मोहल्ल्यातली निम्मी पोरं त्यांच्या हाताखालून गेली. बाई बोलल्या म्हणजे ते खरंच, असं सगळे मानायचे. त्यामुळे १९७३ साली पोलिसांना त्या साक्षीदार म्हणून मिळाल्या, तेव्हा खटला जिंकल्यातच जमा होता.

झालं होतं असं. रंगीत कागद आणायला बाई सीताबर्डीला गेल्या होत्या. तिथं भर रस्त्यात, त्यांच्या डोळ्यांदेखत, एका माणसानं कळमेश्वरहून आलेल्या मनकर्णाबाईंच्या गळ्यातली सोन्याची पोत मागून ओढली आणि तो गल्लीत पसार झाला. संध्याकाळी बाई सरळ आमच्याकडे आल्या. माझी आई कुसुमताई त्यांची जिवाभावाची मैत्रीण. चहा पिता पिता त्यांनी तिला सगळं सांगितलं.

पुढं काही दिवसांनी ठाण्यातून बोलावणं आलं. हवालदार रुपरावनं नत्थू नावाच्या हमालाला पकडून आणलं होतं. बाकावर तो एकटाच बसलेला.

"लंगडत पळाला तो हाच ना बाई?" रुपरावनं विचारलं आणि नत्थूला चालून दाखवायला लावलं.

लहानपणच्या आजारानं नत्थूचा उजवा गुडघा वाकतच नसे. पाय ओढत तो भिंतीपर्यंत गेला आणि परत आला. बाईंना वाटलं, हो, असाच. त्यांनी होकार दिला.

मग मोहल्ल्यात जो भेटेल तो विचारायचा आणि बाई सांगायच्या. दर खेपेला पाय ओढत पळणारा तो माणूस आणखी स्पष्ट होत गेला. तिकडे नत्थूला जामीन राहायला कोणी नव्हतं. तो जेलातच होता.

साक्षीची तारीख जवळ आली असताना एक दिवस बालवाडीत बकरी शिरली आणि भिंतीवरची कागदाची फुलं तिनं फस्त केली. बाई मागं पाणी भरत होत्या. परत येऊन त्यांनी पोरांना विचारलं, "कोण आलं होतं रे? सुभद्राबाईची काळी बकरी ना?"

"हो बाई, काळी!" सगळी पोरं ओरडली. एका पोरीनं तर काळी दाढी केवढी होती तेही हातानं दाखवलं.

इतक्यात शेजारचे आनंदराव आपल्या तांबड्या बकरीला कानाला धरून घेऊन आले. गुलाबी कागद अजून तिच्या तोंडात होता.

बाई पोट धरून हसल्या, आणि हसता हसता एकदम थांबल्या. पोरं खोटं बोलली नव्हती. काळी बकरी बाईंनीच त्यांच्या डोळ्यांत घातली होती.

तशाच त्या आमच्या घरी आल्या. "कुसुम, पोत चोरीले गेली त्या संध्याकाळी मी तुले काय सांगितलं होतं? तूच सांग. मी मधात बोलत नाही."

आई आठवून आठवून म्हणाली, "तो गल्लीत पळाला म्हणली. तिथं संत्र्याची हातगाडी आडवी होती, तिच्यावरून उडी मारून गेला म्हणली."

"लंगडत होता म्हणली का मी?"

"नाही वं. ते तू ठाण्यातून आल्यावर म्हणाले लागली."

बाईंनी डोळे मिटून आठवून पाहिलं. हातगाडी त्यांना आता आठवतच नव्हती.

कोर्टात त्यांनी हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. सरकारी वकील चिडले. "म्हणजे तुम्ही आधी खोटं बोललात, की आता बोलताय? खोट्या साक्षीबद्दल तुमच्यावरच खटला होऊ शकतो, माहीत आहे?"

बाईंचा आवाज बालवाडीतलाच निघाला.

"तवाही खोटं नाही बोलली साहेब, आताही नाही. डोळे मिटले का मले अजून हाच माणूस लंगडताना दिसते. पण ठाण्यात जायच्या आधी तो मले दिसत नव्हता. जे मागून माझ्या डोळ्यांत शिरलं, त्याच्यावर मी कोणाले जेलात कशी पाठवू?"

न्यायाधीशांनी मनकर्णाबाईंना पुन्हा उभं केलं आणि एवढंच विचारलं, "चोर पळाला तेव्हा तुम्ही काय पाहिलं?"

"तोंड नाही दिसलं जी. पाठमोरा होता. एका गाडीवरून टुणकन उडी मारली त्यानं. संत्री सांडली सारी. मले हे कोणी पुसलंच नाही."

सगळ्यांच्या नजरा नत्थूच्या उजव्या पायाकडे वळल्या. न्यायाधीशांनी डॉक्टरचा दाखला मागवला. निकालाच्या दिवशी नत्थू निर्दोष सुटला.

बाहेर आवारात तो बाईंजवळ आला. "बाई, घरी चाललो जी," एवढंच तो म्हणाला आणि रडता रडता हसला. मनकर्णाबाईंनी बाईंचे दोन्ही हात धरले. "पोत गेली ते गेली, पण तुम्ही मले पापातून वाचवलं."

बाई इंदोऱ्यात परतल्या तोवर बातमी पोचली होती. चौकात माणसं जमली होती, बायकांनी बाईंना मधे घेतलं, कोणीतरी गुलाल आणला. रुपराव हवालदाराचा कोणी नातलग गर्दीतून खवचटपणे म्हणाला, "काहून बाई, साक्ष फिरवली म्हणे तुम्ही?"

"फिरवली ना गा," कपाळावरचा गुलाल न पुसता बाई म्हणाल्या, "अन् माणूस सोडवून आणला."