ठिणगी न उडालेला पत्रा

लातूरच्या धोंडप्पा डेंटरला एका जागी बसलेलं मी तरी पाहिलेलं नाही. चहा प्यायला आला तरी उभ्या उभ्या टेबलाचा पत्रा वाजवून बघतो. माझं टायरचं दुकान त्याला खेटून, त्यामुळे ही खटखट माझ्या नशिबी कायमची. खिशात लोहचुंबक असतंच. जुनी गाडी घेणारे आधी ती त्याच्याकडे आणतात. चुंबक चिकटलं नाही की रंगाखाली पत्र्याऐवजी पुट्टी भरलेली, सौदा मोडा. दुसरं मत कोणी घेत नाही, आणि त्याचा त्याला भारी माज.

लातूरजवळच्या मुरुडच्या गुरुबसप्पांनी फार वर्षांपूर्वी आपल्या मेहुण्याकडून, उदगीरच्या मृत्युंजय अण्णांकडून, एक जुनी जॅग्वार घेतली होती. दोनच माणसं बसतील अशी, विलायतेत महायुद्ध संपल्यावर निघालेली. गाडी घरी आल्यावर धोंडप्पानं चुंबक फिरवलं. कुठंच चिकटेना.

"सगळी पुट्टी हाय, मालक. फसवलं तुमाला."

गुरुबसप्पांनी गाडी गोदामात ढकलली आणि मेहुण्याशी बोलणं टाकलं. त्यांची बायको शांतम्मा, तिचं माहेर त्या दिवशी तुटलं.

गुरुबसप्पा वारले. परवा शांतम्मानं ती गाडी भंगारात तोडायला धोंडप्पाकडे पाठवली. त्यानं पुढच्या मडगार्डवर ग्राइंडर लावला आणि ठिणगीच उडाली नाही. पुट्टीची भुकटीही नाही. पांढरा, मऊ, चकचकीत पत्रा. अॅल्युमिनियम. त्या मॉडेलच्या पहिल्या थोड्या गाड्या तशाच निघाल्या होत्या, लोखंडी पत्रा नंतर आला. हे आम्ही मोबाइलवर वाचलं, तेव्हा त्याचा चेहरा बघवेना.

"गप तोडून टाक," मी म्हणालो. मला तेवढंच सुचलं.

तो गाडीभोवती फेऱ्या घालत राहिला, मग एकदम मोटारसायकलला किक मारली. मागं मी.

मुरुडला तो बसलाच नाही. दारातूनच म्हणाला, "अक्का, गाडीत पुट्टी नव्हती. अण्णांनी फसवलं न्हाई. म्या चुकलो."

शांतम्मा उंबऱ्याशी आली. "मालक तर अण्णाला चोर समजूनच गेले." मग तिनं फोन त्याच्या हातात दिला. "लाव अण्णाला. तूच सांग."

त्यानं सगळं सांगितलं. फोन स्पीकरवर होता. पलीकडून म्हातारा आवाज आला, "शांता हाय का तिथं?"

"हाय, अण्णा."

"दाजींचं सोड. तुलाबी वाटलं का गं, मी फसवलं म्हणून?"

धोंडप्पाचे हात पहिल्यांदाच गप्प होते. मला वाटलं, ही न्हाई म्हणेल. निदान आज तरी.

"हाव, अण्णा," ती म्हणाली. रडत होती. "आता येऊ का मी?"