कच्चे हुलगे

मला नको तिथे नाक खुपसायची खोड आहे. म्हणूनच मामांच्या मानेची पट्टी बदलायचं काम मी मागून घेतलं. मामा जेऊरचे, मेंढरं राखणारे. तंबाखूने गालात गाठ झाली, सोलापुरात ऑपरेशन झालं आणि ते मामींसह आमच्या घरी राहिले. गाल भरत आला, पण जबड्याखाली टाक्यांची एक जागा उघडीच राहिली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, ही जखम भरल्याशिवाय शेक, म्हणजे रेडिएशन, सुरू करता येणार नाहीत, आणि शेक लांबले तर गाठ पुन्हा डोकं वर काढेल.

मी कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवते. पट्टी सोडली की बॅटरी धरून जखमेत बघत बसायचे. मामा बोबड्या आवाजात म्हणायचे, "काय बगतीस गं एवढं? मेंढरू हरवलंय व्हय तितं?"

मी बघत होते ते डोळ्यांना दिसण्यासारखं नव्हतंच. प्रथिनं तोडणारी द्रव्यं आपल्या शरीरात असतात, तशी त्यांना अडवणारीही असतात. गाठ पसरते तेव्हा तिच्या पेशी या तोडणाऱ्या द्रव्यांनी कुंपण कुरतडून बाहेर पडतात. आणि जखम भरताना मेलेलं मांस काढायला, नव्या पेशींना वाट करून द्यायलाही तीच लागतात. एका ठिकाणी त्यांनी थांबावं आणि तिथून चार बोटांच्या अंतरावर काम करावं, हे शरीर कसं जमवतं? मला याचं विलक्षण कुतूहल वाटे. खरं सांगायचं तर मामांच्या दुखण्याहून जास्त.

एका दुपारी मी हे मामांना समजावलं. म्हटलं, तोडणारं द्रव्य म्हणजे बैलाचं तोंड आणि अडवणारं म्हणजे मुसकं. कोळपताना पिकाला तोंड लावू नये म्हणून बांधतो ना, ते. मामांना पटलं. मग माझं ज्ञान उतू गेलं. हुलग्यातही असलं मुसकं असतं, प्रयोगशाळेत काही गाठींच्या पेशी त्याने मंदावलेल्या दिसतात, पण शिजवलं की ते बरंचसं नष्ट होतं, असं सगळं सांगून मोकळी झाले. मामी शेजारी धान्य निवडता निवडता ऐकत होत्या.

पुढे मामांचं पोट बिघडलं. वजन उतरलं. जखम फिकट पडली, तिची कड पुढे सरकेना. डॉक्टर विचारत, खुराक जातोय ना? जात होता. मामी नाकातल्या नळीतून वेळच्या वेळी देत होत्या. मी मात्र जखमेत काय चाललं असेल यावर वाचत बसले. पोटाचा विचारच केला नाही.

एका सकाळी मिक्सरचा आवाज आला म्हणून स्वयंपाकघरात डोकावले. मामी भिजवलेले हुलगे वाटून फडक्यातून गाळत होत्या.

"मामी, याचं माडगं शिजवायचं राहिलं की."

"न्हाय बाय, मुद्दाम कच्चंच देतीय. शिजलं की औशद मरतंय, तूच म्हणलीस की."

"किती दिवस देताय?"

"तू सांगितलंस तवापासनं."

मी मामींच्या हातातलं फडकं काढून घेतलं. कच्च्या हुलग्यातलं ते द्रव्य पोटातच प्रथिनं पचू देत नाही. गाठीला बांधायचं मुसकं आम्ही मामांच्या आतड्याला बांधलं होतं.

"आमी बैलालाबी हुलगं शिजवूनच घालतो," मामी हळूच म्हणाल्या. "कच्च्यानं पोट फुगतंय. पर म्हणलं, तू शिकल्याली. तुला जास्त कळत आसंल."

मी तिथेच ओट्याला धरून रडले. मग डॉक्टरांकडे जाऊन सगळं कबूल केलं आणि बोलणी खाल्ली. ती मला हवीच होती. माडगं शिजू लागलं, त्यांनी सांगितलेली अंडी, दूध सुरू झालं. एकट्या हुलग्यानेच घोटाळा केला असं मी छातीठोक म्हणणार नाही. पण पोट ताळ्यावर आलं, जखम लालसर झाली आणि हळूहळू मिटली.

शेकाच्या आदल्या दिवशी मामींनी विचारलं, "आता शेक चालू असताना काय द्यायचं गं?"

मी तोंड उघडलं. मग मिटलं. म्हटलं, "डॉक्टरांना विचारू या."

मामा शिवलेल्या गालाने जमेल तेवढं हसले. "बसलं गं बाय, मुसकं बसलं."