गव्हाणीतल्या काड्या

रूथ, सॅमी, आठवतंय ना... शरणपूरच्या घरी डिसेंबर लागला की संध्याकाळी चटईवर बसून आपण वाटाण्याच्या शेंगा सोलायचो. मग एक गीत, एक प्रार्थना आणि जेवण. अर्धे वाटाणे सॅमीच्या पोटात जायचे.

आज माळ्यावरून नाताळची पेटी खाली काढली आणि ते सगळं आठवलं. घरातल्या बाकीच्यांसाठी जरा सविस्तर सांगते... नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे. रूथ दहा वर्षांची, सॅमी सहाचा, आणि ह्यांची सातपूरच्या कारखान्यात शिफ्ट ड्यूटी.

ह्यांनी द्राक्षांच्या पेटीच्या फळ्यांची एक छोटी गव्हाण बनवली होती. बाळ येशूची मूर्ती नाताळच्या आदल्या संध्याकाळी तिच्यात यायची, तोपर्यंत ती रिकामी. बोर्डिंगमध्ये सिस्टरांनी आम्हाला लावलेली सवय मी मुलांना लावली... कोणाला कळू न देता एक चांगलं काम करायचं आणि गव्हाणीत गवताची एक काडी टाकायची. कोणी सांगायचं नाही, कोणी विचारायचं नाही. नाताळपर्यंत बाळाची गादी मऊ झाली पाहिजे.

गवत द्यायची इंदूमावशी. मखमलाबादकडे तिचा फुलांचा मळा होता, रोज सकाळी टोपली घेऊन आमच्या गल्लीत यायची. पहिल्या वर्षी मी गवत मागितलं तेव्हा हसली होती... "देवाच्या गादीला गवत? घ्या की बाई, आमच्या गाईच्या वाटचं हाय, ती काय नाय म्हणत नाय."

त्या वर्षी एका संध्याकाळी पाहते तर गव्हाणीत मूठभर गवत! सकाळी जेमतेम आठ-दहा काड्या होत्या. ह्यांची सुट्टी होती, आम्ही चौघंही प्रार्थनेला बसलो होतो.

"हे कोणी केलं?" मी विचारलं. रूथने हनुवटीने सॅमीकडे दाखवलं. मी त्याला म्हटलं, "एका दिवसात एवढी चांगली कामं केलीस तू?"

"नाही."

"मग?"

"सांगायचं नसतं."

मला ते उलट उत्तर वाटलं. त्याला सगळ्यांसमोर एक एक काडी बाहेर काढायला लावली मी. रूथ म्हणाली, "लबाड! बाळ येशूलाच फसवतो!" आणि मी तिला गप्पही केलं नाही... सॅमी रडला नाही. काड्या काढून झाल्यावर हात चड्डीला पुसून बसला.

त्यानंतर तीन दिवस त्याने प्रार्थनेत तोंड उघडलं नाही. डोळे मिटायचा, हात जोडायचा, पण शेवटचं 'आमेन'सुद्धा नाही. आधी मी म्हटलं, हट्ट आहे, उतरेल. तिसऱ्या दिवशी मात्र वाटलं... मुलाला देवाकडे नेता नेता आपणच मध्ये आडवे आलो की काय!

चौथ्या दिवशी इंदूमावशी टोपली उतरवता उतरवता म्हणाली, "बाई, तुमचं पोरगं मला म्हनतं, मावशी, तुझी काडी मी टाकली व्हती, पन मम्मीनं काढली, सॉरी. कसली वं काडी?"

मी म्हटलं, "तुझी काडी?"

"तुमच्या पोरीला शेवंतीची वेनी दिली व्हती ना मी, त्याची म्हने. लय गुनाचं पोर हाय वं तुमचं. रागावू नका त्याला."

मी तिथेच पायरीवर बसले. सॅमीला जवळ बोलावलं आणि विचारलं, कोणाकोणाच्या होत्या रे त्या काड्या?

त्याने बोटांवर मोजल्या. मावशीला हे काड्यांचं माहीतच नाही, म्हणून तिची. पप्पा उशिरा येतात तेव्हा आम्ही उठू नये म्हणून बूट हातात धरून आत येतात, पण त्यांना काडी टाकायला वेळ नसतो, म्हणून त्यांच्या. ताईने तिचे खडू दिले आणि काडी टाकायला विसरली, म्हणून तिची...

"आणि तुझ्या दोन."

"माझ्या कसल्या?"

"तुला नाही सांगायचं."

अजूनही सांगितलेलं नाही त्याने.

त्या संध्याकाळी प्रार्थनेच्या आधी मी सगळ्यांसमोर म्हटलं, "सॅमी, माझं चुकलं. विचारायचं नाही हा नियम मीच केला आणि मीच मोडला. मला माफ कर." मोठ्या माणसाने लहान मुलाची माफी मागितलेली मी तोवर पाहिली नव्हती, ना घरी, ना बोर्डिंगमध्ये. हे गीतांच्या पुस्तकात डोकं खुपसून बसले. रूथ रडायला लागली.

सॅमीने जरा विचार केला. "केलं माफ. पण मम्मी, तू हे सगळ्यांसमोर केलंस... आता तुला याची काडी नाही मिळणार."

हसून हसून प्रार्थना जरा वेळ बाजूलाच राहिली! पण शेवटचं 'आमेन' त्या दिवशी सगळ्यात मोठ्याने त्याचंच होतं.

मुलांना बायबलची वचनं पाठ करायला मी लावली खरी, पण दुसऱ्याचा चांगुलपणा मोजायला मला त्याने शिकवलं. देवाचे आभार कशाकशासाठी मानायचे, तेही...

आता गुडघे खाली बसू देत नाहीत, म्हणून पेटी रिकामी करतेय. गव्हाण सॅमीच्या लेकीला, रियाला. एक फळी सैल आहे, पप्पांनी ठोकलेला खिळा मात्र बदलू नका. मेंढ्या आणि मेंढपाळ रूथकडे, कान तुटलेल्या मेंढीसकट. कागदी तारा इंदूमावशीच्या सुनेला, तिच्या मुलाला तो फार आवडायचा. गवत दरवर्षी नवीन घ्यायचं, आणि तिच्याकडूनच. मी बोलून ठेवलंय.

आणि कधी माझ्या नावाने एखादी काडी टाकावीशी वाटली तर टाका... मला सांगू नका.